हलतं ते शिल्प? कलेतल्या गतीविषयी थोडं

पत्रकावर विषयाचं नाव जरा जडच छापलं गेलंय: ‘अमूर्त गतिशिल्प आणि कलेतील गतीचे स्थान’. ते वाचूनही तुम्ही आलात, याबद्दल आधी आभार. (हशा) आम्ही दोघंही चित्रकला शिकवणारी माणसं. आज एक जण बोलेल आणि दुसरा दाखवेल. व्यासपीठावर टांगलेल्या या काड्या आणि पुठ्ठ्याची पानं तेवढ्यासाठीच आणलीत. आणि सगळ्या सभेत तुमचं निम्मं लक्ष आमच्यापेक्षा त्या पानांकडेच जाणार, हे आम्हाला ठाऊक आहे. ते जाऊ द्या. तोच आजचा विषय आहे.

बुजगावणं आणि कॅसेटची फीत

सुरुवात शेतातून करू. बाजरीत पाखरं बसू नयेत म्हणून पूर्वी बुजगावणं उभं करायचे. दोन काठ्या, जुना सदरा, वर मडकं. म्हणजे माणसाची नक्कल. पाखरं चार दिवस घाबरतात, पाचव्या दिवशी मडक्यावरच येऊन बसतात. मग कुणीतरी जुन्या कॅसेटची फीत पिकावरून ताणून बांधली. ती वाऱ्यात थरथरते, ऊन पडलं की चमकते, गुणगुणते. आज द्राक्षाच्या आणि टोमॅटोच्या प्लॉटवर चंदेरी पट्ट्या बांधतात, ती त्याच कल्पनेची पुढची पायरी.

आता या दोहोंतला फरक बघा. बुजगावण्याला रूप आहे, ते माणसासारखं दिसतं. कलेच्या भाषेत ते ‘मूर्त’. फितीला मात्र ना तोंड, ना हात. ती कशासारखीच दिसत नाही. तिच्यात आहे फक्त हालचाल, चमक आणि आवाज. ती ‘अमूर्त’ आहे, आणि ती जे काही करते ते हलण्यामुळेच करते. वारा पडला की उरते नुसती फीत.

अमूर्त गतिशिल्प म्हणजे हेच. कुणाची तरी आकृती बनवून तिला हात हलवायला लावणं, हे त्यात येत नाही. गणपतीच्या देखाव्यात मोटार लावून राक्षसाचं डोकं फिरवतात, तिथे राक्षस मुख्य असतो आणि फिरणं ही वरची सजावट असते. गतिशिल्पात हालचाल हाच माल. कुंभाराला जशी माती, तशी या शिल्पकाराला गती. एवढी एकच गोष्ट आज सांगायची आहे, बाकी सगळी तिची उदाहरणं.

पहिली गती: बघणाऱ्याच्या पायांतली

कुणी म्हणेल, हे सगळं परदेशातलं खूळ, आपल्याकडे शिल्प म्हणजे दगडात कोरलेलं, स्थिर. बरं, मग दगडाकडेच जाऊ. जुन्नरच्या भोवती दीडशेहून अधिक लेणी खोदलेली आहेत. त्यातली लेण्याद्रीची सगळ्यांना माहीत असतात, गणपतीमुळे. तुळजा लेण्यांकडे मात्र कमी लोक जातात. जुन्नरच्या पश्चिमेला, साधारण इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातली. तिथलं चैत्यगृह वेगळंच आहे. इतर चैत्यगृहं लांबट असतात, हे वर्तुळाकार आहे. मधोमध स्तूप, भोवती बारा अष्टकोनी खांब, आणि वर घुमट.

आता तिथे उभं राहून फोटो काढला तर काय मिळतं? एक गोल दगड आणि काही खांब. पण ती जागा उभं राहण्यासाठी केलेलीच नाही, ती प्रदक्षिणेसाठी आहे. खांब आणि भिंत यांच्या मधून चालायला लागा. स्तूप दिसतो, खांबाआड जातो, परत दिसतो, परत जातो. बारा वेळा. स्तूप सगळीकडून सारखाच गोल, त्यामुळे तो जागचा हलत नाही असं वाटतं, आणि खांबच आपल्या भोवतीनं सरकताहेत असं वाटायला लागतं. एकोणिसाव्या शतकात युरोपात एक खेळणं निघालं. फटी पाडलेलं नळकांडं, आत चित्रांची पट्टी. नळकांडं फिरवलं आणि फटीतून पाहिलं की चित्रं पळताना दिसायची. सिनेमाच्या आधीची गोष्ट. तुळजा लेण्यातली प्रदक्षिणा आम्हाला तशी वाटते. फरक एवढाच, की इथे नळकांडं जागेवर आहे आणि फिरतो आपण.

म्हणजे दगड स्थिर असला तरी कलाकृती स्थिर असेलच असं नाही. घडवणाऱ्यानं तुमच्या पायांची गती आधीच हिशेबात धरलेली असू शकते.

दुसरी गती: डोळ्यांतली

दुसरा प्रकार तुम्ही शिवजयंतीला शिवनेरीच्या पायथ्याशी पाहिला असेल. मर्दानी खेळात दांडपट्टा फिरवतात. पातं लांब आणि लवचीक. फिरवणारा वेगात आला की पातं दिसेनासं होतं, आणि त्याच्या भोवती एक चकाकता गोल दिसतो. त्या गोलात काहीच नाही, हवा आहे. पण आत हात घालायची हिंमत होते का? (हशा) म्हणजे डोळ्यांना तो गोल खरा आहे.

लहानपणी जळकं लाकूड अंधारात गरागरा फिरवून आगीचं कडं केलं नाही, असा इथे कोणी नसेल. आपल्या तत्त्वज्ञानात त्याला नाव आहे, अलातचक्र. गौडपादांनी माण्डूक्यकारिकेच्या चौथ्या प्रकरणात हाच दृष्टान्त घेतला, त्या प्रकरणाचं नावच ‘अलातशान्ति’. ठिणगी एक, कडं दिसतं. कडं आहे की नाही, हा त्यांचा प्रश्न.

तोच प्रश्न १९१९-२० च्या हिवाळ्यात मॉस्कोत नाउम गाबो नावाच्या शिल्पकारानं वेगळ्या कामासाठी वापरला. तिथे तेव्हा यादवी युद्ध चाललेलं, सामानाची टंचाई. त्यानं धातूची एक सरळ कांब उभी केली आणि विजेच्या घंटेच्या यंत्रानं ती थरथरवली. कांब थरथरली की ती कांब राहत नाही, मधे फुगीर, मधे बारीक असा एक पारदर्शक आकार हवेत उभा राहतो. बटण बंद, आकार गायब. गाबोचं म्हणणं असं, की शिल्पाला आकारमान हवं, पण त्यासाठी वस्तुमान हवंच असं नाही. हजारो वर्षं शिल्प म्हणजे जडपणा, ही जी समजूत होती, तिला एका कांबीनं धक्का दिला. आधुनिक गतिशिल्पाच्या अगदी सुरुवातीच्या कामांत हिचा मान मोठा.

असा आकार बघायला मॉस्कोला जायला नको. आषाढात नाणेघाटावर जा. कड्यावरून पाणी खाली पडायला निघतं आणि कोकणातून वर येणारा वारा त्याला उलटं वर फेकतो. उलटा धबधबा म्हणतो आपण. त्यातलं पाणी क्षणोक्षणी नवं असतं, तरी कमान तीच दिसते. वारा मंदावला की ती ढासळते, जोर धरला की परत उभी राहते. पदार्थ वाहतो आणि आकार टिकतो. गाबोची कांब तेच करते.

तिसरी गती: वस्तूची स्वतःची

आता या टांगलेल्या काड्यांकडे या. ही पद्धत अलेक्झांडर कॅल्डर या अमेरिकन शिल्पकाराची. हा माणूस मुळात मेकॅनिकल इंजिनिअर, १९१९ साली पदवी घेतलेला. १९३० साली पॅरिसमध्ये तो मोंद्रियान या चित्रकाराच्या स्टुडिओत गेला. भिंतीवर रंगीत चौकोन लावलेले. कॅल्डरला वाटलं, हे हलले तर काय मजा येईल! तसं तो बोललाही. मोंद्रियान गंभीरपणे नको म्हणाला, माझं चित्र आधीच पुरेसं वेगवान आहे अशा अर्थाचं काहीतरी. कॅल्डरनंच ही हकीकत सांगितली आहे. आम्हाला दोघांचंही पटतं. स्थिर चित्रातही गती असते, वारलीतला तारपा नाच आठवा. पण ती सुचवलेली गती. कॅल्डरला खरी हवी होती.

आधी त्यानं मोटारी लावून पाहिलं. १९३१ साली मार्सेल द्युशाँनं या कामांना ‘मोबाइल’ असं नाव दिलं. (हशा) हो, खिशातल्या मोबाइलच्या कितीतरी आधी. पण मोटारीची अडचण अशी, की ती तेच तेच करते. दहा मिनिटं बघितलं की पुढं काय होणार ते कळतं. म्हणून कॅल्डर हळूहळू मोटार सोडून वाऱ्याकडे वळला. १९५५ साली तो भारतातही आला. गिरा साराभाईंच्या निमंत्रणावरून अहमदाबादेत राहिला आणि तिथे नऊ शिल्पं करून गेला.

हे करायचं कसं, तेही सांगतो, म्हणजे घरी मुलांबरोबर करता येईल. ही पंचवीस सेंटिमीटरची काडी. एका टोकाला मोठं पान, दुसऱ्या टोकाला त्याच्या चौथा हिस्सा वजनाचं छोटं पान. दोरा कुठे बांधायचा? मोठ्या पानापासून पाच सेंटिमीटरवर, म्हणजे छोटं पान वीस सेंटिमीटरवर येतं. चार गुणिले पाच वीस, एक गुणिले वीस वीस. वाण्याच्या जुन्या तराजूचंच गणित, फक्त दोन्ही दांड्या सारख्या नाहीत.

आता या काडीच्या दोऱ्याला अख्खी एक वस्तू समजा आणि तिला वरच्या काडीच्या टोकाला बांधा. मग तिच्या समोर दुसरं पान. असं खालून वर बांधत जायचं. वरून खाली करायला गेलात तर प्रत्येक नवं पान आधीचा सगळा तोल बिघडवतं. आणखी एक गोम आहे. काडी अगदी सरळ असली तर ती फार चंचल होते, जरा धक्का लागला की एकीकडे कलंडून बसते. म्हणून तार वापरायची आणि मधे किंचित वर उचलून कमान करायची. दोरा कमानीच्या माथ्यावर. कमान जास्त झाली तर तोल पक्का होतो, पण काम सुस्त होतं, हलतच नाही. सगळी कला त्या मधल्या जागेत आहे. पडू नये, आणि गप्पही बसू नये.

इथे शिल्पकारानं नेमकं काय घडवलं? पानांची जागा त्यानं ठरवली नाही, ती दर क्षणी बदलते. त्यानं ठरवल्या त्या फक्त हलण्याच्या मर्यादा. कोणतं पान किती फिरू शकेल, कुठवर जाऊ शकेल. उरलेलं त्यानं वाऱ्यावर सोपवलं. मालकी अशी अर्धी सोडून देणं पुतळा घडवणाऱ्याला सहसा परवडत नाही.

खोडदच्या तबकड्या

आता तुमच्या मनात एक प्रश्न आला असेल. हलतं ते सगळं शिल्प, तर पवनचक्कीही शिल्प, आणि खोडदची महाकाय दुर्बीणही?

दुर्बिणीचं उदाहरण फार कामाचं आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या पत्र्याच्या न करता तारेच्या जाळीच्या केल्या. वारा जाळीतून निघून जातो, म्हणून वजन कमी आणि खर्चही कमी. वारा फारच वाढला की तबकडी आकाशाकडे तोंड करून आडवी ठेवतात. म्हणजे वाऱ्याशी कसं वागायचं, हा शिल्पकाराचा प्रश्न इंजिनिअरलाही सुटलेला नसतो, रोज सोडवायचा असतो.

या तबकड्या आकाशातल्या एखाद्या बिंदूचा माग काढतात, तेव्हा पृथ्वीच्या फिरण्याच्या वेगानं वळतात. तासाला पंधरा अंश, म्हणजे चार मिनिटांत एक अंश. बघत बसलात तर हलताना दिसत नाही. चहा पिऊन आलात की तोंड वळलेलं असतं. इतकी संथ गती आपल्या भागात दुसरीकडे बघायला मिळत नाही.

तरी आम्ही तिला शिल्प म्हणणार नाही. तिचं हलणं दुसऱ्या कामासाठी आहे. कुणीच बघत नसलं तरी ती वळणार. गतिशिल्पाचं हलणं बघण्यासाठीच असतं, दुसरं काही काम त्याला नाही. पण एक कबूल करायला हवं. गतिशिल्प बघायची सवय झालेल्या माणसाला तबकडीही वेगळी दिसायला लागते, आणि मळ्यातली फीतही. कलेचा उपयोग विचाराल तर तो एवढाच, आणि तो कमी नाही.

थांबलं तर?

शेवटचा मुद्दा आमच्या जिव्हाळ्याचा आहे. हलणारी वस्तू कधी ना कधी बंद पडते.

ज्याँ टिंगली या स्विस शिल्पकारानं हे सरळ मान्यच केलं. १७ मार्च १९६० ला न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या बागेत त्यानं भंगारातून केलेलं एक मोठं यंत्र सुरू केलं, स्वतःलाच मोडून टाकणारं. साधारण अर्धा तास ते ठणठणलं, जळलं, आणि शेवटी अग्निशमनवाल्यांना हात घालावा लागला. पण त्याची बाकीची यंत्रं बाझलच्या संग्रहालयात जपून ठेवलीत. ती सतत चालवत नाहीत, ठरावीक वेळानं थोडी थोडी चालवतात, कारण चालवलं की झिजतात. केवढा पेच बघा. चालवलं तर झिजतं आणि जपलं तर मरतं. दगडाच्या मूर्तीला हा प्रश्न नाही.

आमचा अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका शाळेत आम्ही मुलांबरोबर एक वाऱ्याचं शिल्प केलं. सायकलचं चाक, स्प्रिंकलरचे जुने पाइप, तेलाच्या डब्यांचे पत्रे. टेकाडावर उभं केलं. पहिल्या पावसाळ्यात काय फिरलं ते! मुलं वाऱ्याची दिशा त्याच्यावरून सांगायला लागली. दुसऱ्या पावसाळ्यानंतर आम्ही गेलो, तर ते गप्प. बेअरिंग गंजून धरलेलं, आणि कुरकुर होते म्हणून कुणीतरी चाकाला तारही बांधून टाकलेली. शाळेत नव्यानं आलेल्या एका मुलीला विचारलं, हे काय आहे गं? ती म्हणाली, पुतळा आहे, कोणाचा ते माहीत नाही.

हे आम्हाला लागलं. चूक आमचीच होती. आम्ही आकार दिला, रंग दिला, उद्घाटनही केलं, पण त्याला तेल कोण घालणार, हे कुणाला विचारलंच नाही. मग गावातल्या मोटार वाइंडिंग करणाऱ्या दादांना घेऊन गेलो. त्यांनी बेअरिंग उघडलं, हसले आणि म्हणाले, “गुरुजी, वरून पाणी आत जातंय. बोअरच्या मोटारीला असं उघडं ठेवता का कुणी?” त्यांनी पत्र्याची टोपी केली, नवं बेअरिंग घातलं, ग्रीस भरलं. आता मृगाच्या आधी आणि दिवाळीनंतर असं वर्षातून दोनदा मुलंच ग्रीस भरतात. डबा वर्गातल्या कपाटात असतो. शिल्पाचा तोही एक भाग आहे, असं आम्ही आता मानतो.

आपल्या गावांत चौक सुशोभित होताहेत, वर्गणी निघते, ठराव होतात. कधी एखाद्या गावानं हलणारं काही करायचं ठरवलं, तर आमची विनंती एकच. शिल्पकाराला बोलवायच्या आधी गावातल्या मेकॅनिकला बोलवा. आणि पहिल्या खर्चाबरोबर दरवर्षीच्या ग्रीसचा खर्चही वहीत लिहा. पुतळा उभा केला की काम संपतं. गतिशिल्पाचं काम तिथून सुरू होतं.

श्रोत्यांतून एक प्रश्न

प्रश्न: यातून सांगायचं काय असतं पण? पुतळा बघून माणूस काही शिकतो.

उत्तर: प्रश्न रास्त आहे. नारायणगावच्या राहुट्यांपासून तुम्ही लांब राहत नाही, म्हणून तिथलंच उदाहरण देतो. ढोलकीवाला तोडा वाजवतो, वेग वाढवत नेतो आणि एकदम थांबतो. त्या थांबण्याला तुम्ही दाद देता. त्यात सांगितलेलं काय असतं? शब्द तर नसतोच. तरी काहीतरी नेमकं पोचतं, आणि एका मात्रेनं चुकलं असतं तर तुम्हालाच आधी कळलं असतं. लय ऐकायला आपण शिकलेले आहोत, ती बघायलाही शिकता येते. एक करून बघा. उद्या घरी दहा मिनिटं कुठल्याही एका हलत्या गोष्टीसमोर बसा. दोरीवरचं धोतर चालेल, पिंपळाची पानं चालतील. मोबाइल आत ठेवून. तो दुसरा मोबाइल. (हशा)

आणि जाताना व्यासपीठाजवळून जा. पानांना हात लावू नका, नुसतं शेजारून चाला. तुमच्या चालण्याच्या वाऱ्यानं ती हलतील.